काळ्या कापडावर पांढरी टीप

माझी आत्या इतकी उंच होती की गल्लीतली मुलं तिला 'शिडी' म्हणायची. पुढे ती मुलं मोठी होऊन जरा सभ्य झाली, तेव्हा 'शिडीताई' म्हणू लागली. तिला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. वाईट वाटायचं ते कपड्यांचं. दुकानातल्या कुठल्याही शर्टाची बाही तिच्या मनगटाच्या बरीच अलीकडे संपायची आणि कुठलीही पँट घोट्याच्या वरच थांबायची. आजोबा होते तोवर ती त्यांचे जुने शर्ट घालायची. ते गेल्यावर तीही सोय गेली.

"तयार कपडे तयार असतात खरे," ती म्हणायची, "पण दुसऱ्या कुणासाठी तरी."

लग्न तिने केलं नाही. का, असं विचारलं की "राहून गेलं" म्हणायची, बाजारातून एखादी बरणी आणायची राहून जावी तसं. आमच्याच घरात, जिना चढून गेल्यावर लागणाऱ्या खोलीत ती राहायची आणि मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात नोकरी करायची. मी एकदा तिचा डबा द्यायला तिथे गेले होते. दार उघडलं आणि समोर काही दिसेचना. सगळीकडे वाफ. हळूहळू त्या वाफेतून पांढऱ्या चादरी दिसू लागल्या, मग पांढरे अभ्रे, पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका, आणि सगळ्यांच्या वर एक डोकं, आत्याचं. ढगात कामाला असल्यासारखी ती तिथे वावरत होती. दिवसभर पांढरं बघून बघून तिला काळ्या रंगाची ओढ लागली असावी, असं आई म्हणायची. आत्याला विचारलं तर ती म्हणायची, "ओढ कसली? डोळ्यांना सावली नको का?"

सुट्टीच्या दिवशी सकाळी ती पुलाखालच्या जुन्या कपड्यांच्या बाजारात जायची आणि मला बरोबर न्यायची. तिथे कुठून कुठून गठ्ठे येऊन पडायचे. पट्ट्या कापल्या की आत दाबून बसलेले कपडे श्वास घेतल्यासारखे फुगायचे आणि ताडपत्रीवर पसरायचे. ज्यांच्याकडे ती जायची त्या म्हाताऱ्या दुकानदाराला सगळे गठ्ठेमामा म्हणत. गठ्ठेमामा माल वजनावर विकायचे. त्यामुळे कोट महाग पडायचे आणि जाळी, रेशीम, पडद्याचं तलम कापड जवळजवळ फुकट. ही गोष्ट आत्याच्या पहिल्याच फेरीत लक्षात आली होती, पण बोलली मात्र ती कुणाजवळ नाही.

तिची निवडण्याची रीत बघण्यासारखी होती. बाकीच्या बायका ढिगाऱ्यावर तुटून पडायच्या. आत्या ताडपत्रीच्या कडेला उकिडवी बसायची, डोळे मिटायची आणि कोपरापर्यंत हात ढिगाऱ्यात घालायची. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहायचे. नदीच्या पाण्यात हात सोडून बसावं तसा तो चेहरा व्हायचा. बोटं आत फिरत असायची आणि ती पुटपुटायची, "हे नायलॉन. हे कुणाचं तरी शाळेचं. हे लोकरीचं, पण कसर लागलेलं. अगं, हे बघ." आणि बाहेर यायचा एखादा पुरुषी शर्ट, जाड सुती कापडाचा, बाह्या भल्यामोठ्या.

"डोळ्यांना रंग दिसतो," ती म्हणायची. "रंग काय, बदलता येतो."

मग ती काख बघायची, कारण कापड तिथे आधी विरतं. पँटची खालची दुमड उलगडून बघायची, कारण तिथे शिंप्याने पुढच्या वाढीसाठी कापड लपवून ठेवलेलं असतं. आणि शेवटी कडेचा एक धागा काढून काडीने पेटवायची. कागद जळल्यासारखा वास आला की सुती, घ्यायचं. धागा वितळून टोकाला गोळी झाली की परत ढिगाऱ्यात. गठ्ठेमामा कुरकुरायचे, "बाई, एक दिवस माझी ताडपत्री पेटवाल." पण चांगला सुती माल आला की बाजूला काढून ठेवायचे तिच्यासाठीच.

हे सगळं घरी येऊन गच्चीवर जायचं. गच्चीवर एक मोठं पातेलं होतं, त्यात काळा रंग, मूठमूठ मीठ आणि उकळतं पाणी. पहिल्यांदा तिने एक पांढरा शर्ट रंगवला तेव्हा मी तिथेच होते. काठीने शर्ट वर उचलला, धुतला, दोरीवर टाकला आणि आत्या मागे सरकून बघत उभी राहिली. शर्ट काळाभोर झाला होता, पण त्यातली शिलाई पांढरीच राहिली होती. कापड सुती होतं, शिवणीचा दोरा टेरिलिनचा. दोऱ्याने रंग घेतलाच नव्हता. कॉलरची कड, खिशाचा चौकोन, बाहीची गोलाई, सगळं पांढऱ्या बारीक रेषेत. फळ्यावर कुणी खडूने शर्टाचं चित्र काढावं, तसं.

"फसलं," मी म्हटलं.

आत्याने ओल्या कॉलरच्या टिपेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "फसलं नाही गं. ज्याने शिवला त्याचा हात दिसतोय बघ."

त्या दिवसापासून काळ्यावर पांढरी टीप हीच तिची तऱ्हा झाली. पुढे ती मुद्दाम पांढऱ्या दोऱ्याने शिवायची आणि मग रंगवायची. मोडक्या छत्र्यांच्या कापडाचा तिने घेरदार स्कर्ट केला. चालताना त्याचा आवाज पंखांसारखा व्हायचा. जुन्या पडद्याचा घोट्यापर्यंतचा कोट केला आणि पडद्याच्या कड्या काढल्याच नाहीत, खांद्यावर ओळीने तशाच ठेवल्या. आयुष्यात पहिल्यांदा तिच्यासाठीच शिवलेल्या बाह्या तिच्या मनगटापर्यंत पोचल्या.

आईने तोंडाला पदर लावून हसून घेतलं आणि म्हणाली, "वन्सं, शोभतंय हो तुम्हाला. माझ्यावर घातलं तर पडदाच दिसेल." बाबांना मात्र हे पटलं नाही. बाबा विमा कंपनीत होते. त्यांच्या शर्टाची घडी संध्याकाळी घरी येईपर्यंत मोडत नसे. एकदा त्यांचे साहेब आणि साहेबांची बायको चहाला आले असताना आत्या तो कोट घालून जिन्यावरून खाली आली. साहेबांच्या बायकोने कौतुकानेच विचारलं, "नाटकात काम करता का?" आत्या म्हणाली, "नाही, धुलाईत." बाबांचा चेहरा पडला.

पाहुणे गेल्यावर बाबा म्हणाले, "घरात काय घालायचं ते घाल. पण रस्त्याने माझ्याबरोबर चालताना तरी जरा…"

"मग मी पलीकडच्या फूटपाथने चालते," आत्या म्हणाली. आवाजात राग नव्हता. नुसती सोय सांगितल्यासारखं म्हणाली.

आणि ती खरंच तशी चालू लागली. बाबांची कचेरी आणि इस्पितळ एकाच रस्त्यावर. सकाळच्या धुक्यात दोघं भावंडं एकाच वेळी घरातून निघायची, रस्त्याच्या या कडेला बाबा आणि त्या कडेला आत्या. दोघांची चाल सारखी, पाय एकदम पडायचे. चौकात दोघं एकदम थांबायची, गाड्या गेल्या की एकदम पुढे निघायची. इस्पितळात पोचून ती काळे कपडे कपाटात ठेवायची आणि पांढरा कोट, पांढरी टोपी घालायची. मी शाळेत जाताना मागून बघायचे आणि मला वाटायचं, यांच्यातला तो रस्ता म्हणजे नदी आहे आणि कुणालाच पोहता येत नाही.

त्याच सुमाराला बाजारात ती मुलगी भेटली. ढिगाऱ्यात आत्याने डोळे मिटून एक जाळीचं कापड धरलं आणि ओढलं, तर ते पलीकडून कुणीतरी ओढलं. आत्याने डोळे उघडले. समोर विशीतली एक ठेंगणी मुलगी होती, एका बाजूचे केस कापलेले, अंगात जॅकेट आणि जॅकेटवर जुन्या मोबाइलची शेकडो आकड्यांची बटणं शिवलेली. ती मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होती, तिथला भंगार माल तिला मिळायचा.

"काकू, मी आधी धरलं होतं," ती म्हणाली.

"मला काकू म्हणू नकोस. आमच्याकडे काका नाही."

"मग काय म्हणू?"

"आत्या म्हण. आत्या व्हायला एक भाऊ असला की पुरतं."

मुलगी हसली. दोघींनी मिळून ती जाळी बाहेर ओढली, तर ती संपेचना. कुठल्यातरी मोठ्या खिडकीचा पडदा असावा तो. दोघींनी दोन टोकं धरली, मधोमध दुमडली आणि गठ्ठेमामांच्या कात्रीने कापून अर्धी अर्धी घेतली. त्यानंतर प्रत्येक सुट्टीला ती बाजारात असायची. आम्ही तिला बटणवाली म्हणू लागलो. तिच्या ओळखीची आणखी चारदोन पोरं होती, कुणी साखळ्या लावलेली, कुणी सगळ्या कपड्यांना सेफ्टी पिना टोचलेली. नव्या फॅशनच्या दुकानात शिरायची त्यांची ऐपत नव्हती, आणि शिरले असते तरी हवं ते मिळालं नसतं. आत्याने त्यांना धागा जाळून बघायला शिकवलं. त्यांनी आत्याला खिळे ठोकून पट्टे सजवायला शिकवलं. पुलाखालच्या एका खांबाशी बसून ही मंडळी उसवायची, जोडायची, आणि वरून जाणाऱ्या गाड्यांची घरघर छपरावरच्या पावसासारखी ऐकू यायची.

मग एका सुट्टीला बटणवाली आली नाही. पुढच्याही आली नाही. तिच्या मित्रांना कुणाला नीट माहीत नव्हतं. फोन लागत नव्हता. आत्याने तिच्यासाठी बाजूला ठेवलेली चामड्याची पिशवी तशीच पडून राहिली.

इस्पितळात हाडांच्या वॉर्डात चादरी पोचवायचं काम एकदा आत्याकडे आलं. खिडकीजवळच्या खाटेवर कुणीतरी भिंतीकडे तोंड करून झोपलं होतं. अंगात धुऊन धुऊन विटलेला इस्पितळाचा गाऊन, मागे नाड्या बांधलेला, आणि एका पायात आरपार लोखंडी सळ्या, बाहेरून चौकटीने जोडलेल्या.

"मावशी, एक चादर जास्त मिळेल का?" भिंतीकडूनच आवाज आला. "पाय झाकायचाय."

आत्याने आवाज ओळखला. ती खाटेजवळ गेली आणि म्हणाली, "कशाला झाकतेस? एवढं लोखंड तर तुमच्यातल्या कुणाच्या जॅकेटवरही नाही."

मुलगी वळली. पांढरा कोट, पांढरी टोपी, त्याखालचा तो लांब चेहरा. ती बघतच राहिली. तिने आत्याला कधी पांढऱ्यात पाहिलं नव्हतं आणि आत्याने तिला तिच्या बटणांशिवाय. स्कूटरवरून पडून पाय तीन ठिकाणी मोडला होता. अपघातात जॅकेट फाटलं, ते दवाखान्यात कापूनच काढावं लागलं होतं.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "आत्या, मला इथे कुणी दुसरीच करून ठेवलंय. आरशात बघावंसं वाटत नाही."

आत्या खाटेच्या कडेला बसली. बसायची परवानगी नव्हती, तरी बसली. "मलाही रोज करतात," ती म्हणाली. "संध्याकाळ झाली की मी परत माझी होते. तुझी संध्याकाळ जरा लांब आहे, इतकंच."

मग कोटाच्या खिशातून सुतळीचा तुकडा काढून तिने त्या पायाचं माप घेतलं, सळ्यांसकट. सळ्या जिथे जिथे बाहेर येत होत्या तिथे तिथे सुतळीला गाठ मारली.

वॉर्डच्या सिस्टर स्वभावाने कडक, पण माणूस ऐकून घेणाऱ्या. त्यांनी अटी घातल्या. कपडा उकळत्या पाण्यात धुता आला पाहिजे. रंग अजिबात सुटता कामा नये. आणि सळ्यांच्या मुळाशी रोज औषध लावायचं असतं, ते पाय न हलवता लावता आलं पाहिजे. आत्याने मान डोलावली.

गठ्ठेमामांनी ढिगाऱ्यातून एक अवाढव्य सुती पँट शोधून दिली. "ही घालणारा माणूस दारातून आत कसा येत असेल?" असं म्हणत त्यांनी तिचे पैसेच घेतले नाहीत. आत्याने पँट एका बाजूने कमरेपासून खालपर्यंत उसवली, गाठींच्या खुणांप्रमाणे तिथे जागा सोडल्या, पांढऱ्या दोऱ्याने कडा शिवल्या आणि रंगवली. मग गच्चीवर ती धूत बसली. पहिलं पाणी शाईसारखं, नंतरचं राखाडी, नंतरचं संध्याकाळच्या आभाळासारखं, आणि शेवटी नितळ. नितळ झाल्यावरही तिने एकदा धुतली आणि ओल्या कापडावर पांढरा रुमाल दाबून बघितला. रुमाल पांढराच राहिला.

टिचबटणं लावायची राहिली होती. आत्या जेवणाच्या सुट्टीत वॉर्डात पँट घेऊन गेली, तर बटणवालीची आई तिथे बसलेली. शाळेत शिकवणारी, बारीक किनारीसारखी नीटनेटकी बाई. लेकीच्या कपड्यांवरून दोघींचं रोज वाजायचं, हे आत्याला ठाऊक होतं. ती काही बोलणार इतक्यात त्या बाईंनीच हात पुढे केला.

"द्या इकडे. टिचबटणं मला येतात लावता." आणि सुईत दोरा ओवताना, वर न बघता म्हणाल्या, "पांढऱ्यानेच लावायची ना?"

पँट चढवली तेव्हा वॉर्डातली सगळी माना वळवून बघत होती. काळी पँट, तिच्यावर खडूसारख्या पांढऱ्या रेषा, आणि मधल्या फटींतून चमकणाऱ्या सळ्या, मुद्दाम बसवल्यासारख्या. बटणवालीने उशी मागे सारली आणि ताठ बसली. "आता उलट डॉक्टरांना सांगते," ती म्हणाली, "सळ्या काढायची घाई करू नका." तिची आई हसली आणि मग तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत राहिली. सिस्टरांनी एकेक टिचबटण उघडून औषध लावून पाहिलं, परत लावलं, आणि म्हणाल्या, "गाऊनपेक्षा बरं आहे हे. पाय उघडा टाकावा लागत नाही."

शेजारच्या खाटेवर एक निवृत्त पोस्टमन होते. त्यांचाही पाय तसाच जखडलेला. सगळं निमूट बघून झाल्यावर ते म्हणाले, "बाई, मलाही एक शिवाल का? पण काळी नको. काळ्यात मी चोरासारखा दिसेन. पायात पँट असावी इतकंच. भेटायला नाती येतात, मी आपला चादर धरून बसतो."

त्या संध्याकाळी जेवताना आत्याने हे घरात सांगितलं. पोस्टमनला राखाडी पँट हवी, बाजारात सध्या सुती राखाडी नाही, एवढंच. बाबा खाली मान घालून जेवत होते. कुणी त्यांना काही मागितलं नव्हतं.

सकाळी नेहमीप्रमाणे दोघं निघाली. मीही मागून निघाले. आत्या पलीकडच्या फूटपाथला गेली. बाबांच्या हातात एक पिशवी होती. चौकात दोघं थांबली, गाड्या गेल्या, पण बाबा पुढे निघाले नाहीत. ते रस्ता ओलांडून तिच्या बाजूला गेले. तिच्या अंगात तो पडद्याचा कोट होता, खांद्यावर कड्यांची ओळ.

"माझ्या दोन जुन्या कचेरीच्या पँटी आहेत," बाबा पिशवी पुढे करत म्हणाले. "राखाडी. लांबीला कमी पडतील कदाचित."

"झोपलेल्या माणसाला काय कमी पडतंय," आत्या म्हणाली.

"कापड चांगलं आहे. सुतीच आहे."

"मला माहितीये. मीच धुते ना त्या."

दोघं तिथून पुढे एकत्रच चालत गेली. बाबा काहीतरी सांगत होते आणि ती मान झुकवून ऐकत होती, कारण त्यांना तिच्या कानापर्यंत पोचायला तेवढं लागायचं. धुकं इतकं दाट होतं की थोड्याच वेळात मला फक्त कड्यांचा बारीक किणकिणाट ऐकू येत राहिला.

पोस्टमनची पँट झाली. मग प्लास्टरमधल्या एका बाईने बाही उघडणारा शर्ट मागितला, मग आणखी कुणी. आई रात्रीची भांडी आवरली की काजं करायला बसू लागली. इस्पितळातल्या मोठ्या बाईंनी विरलेल्या, बाद झालेल्या चादरी आत्याला अस्तरासाठी न्यायची मुभा दिली. बटणवाली कुबड्यांवर चालू लागल्यावर पुन्हा खांबाशी येऊन बसू लागली. तिथे लोक आपापले कपडे घेऊन येत. कुणाचा हात नीट वर जात नसे, कुणाची पाठ वाकडी, कुणाला नुसतंच चारचौघांसारखं दिसायचं नसे. आत्याच्या लेखी या सगळ्यांची अडचण एकच होती. तयार कपडा त्यांच्यासाठी तयार नव्हता. पण तिने धुलाईघर सोडलं नाही. शेवटपर्यंत नोकरी केली. तिला वाफ आवडायची, आणि वाफेतून बाहेर येणंही.

आता ती म्हातारी झाली आहे. उंची थोडी उतरली आहे, कोटांची लांबी तिला खालून उसवून कमी करावी लागली. परवा मी तिला घेऊन बाहेर पडले होते. तिच्या अंगात निळसर मखमलीचा लांब अंगरखा होता, सोफ्याच्या जुन्या आवरणाचा. एका अनोळखी बाईने आम्हाला अडवलं. धिप्पाड, रुंद खांद्यांची बाई होती ती, तिच्या ब्लाउजची शिवण काखेत ताणली गेली होती. तिने जरा संकोचत विचारलं, हा अंगरखा कुठल्या दुकानात मिळाला.

"दुकानात नाही मिळत," आत्या म्हणाली.

बाईचा चेहरा उतरला. ती "बरं" म्हणून निघालीच होती.

"वेळ आहे का तुम्हाला आत्ता?" आत्याने विचारलं. बाईने मान हलवली. तेव्हा आत्याने तिचा हात आपल्या हातात घेतला, मनगटाशी बाही कुठे संपते ते अंगठ्याने चाचपून बघितलं आणि मला म्हणाली, "तू घरी जा. आम्ही जरा पुलाखाली जाऊन येतो."

मी तिथेच उभी राहिले. दोघी सावकाश चालत उताराला लागल्या. आत्या हात हलवून काहीतरी समजावत होती. बहुधा डोळे मिटून हात कसा घालायचा ते सांगत असावी, कारण मधेच ती बाई चालता चालता डोळे मिटून बघताना दिसली, आणि आत्याने तिला कोपराला धरून वाटेतल्या दगडाच्या बाजूने नेलं.